देहदान नाकारलं गेल्यावर: एका मानवतावादी गटाचं प्रकरण

हा प्रसंग पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, नाती, वेळा आणि अंतरं बदलली आहेत, आणि काही तपशील अशाच इतर घरांतले इथे जोडले आहेत. कर्मकांड न करता निरोप कसा द्यावा याचे नमुने आता बरेच मिळतात. निरोपानंतरच्या दिवसांबद्दल मात्र फारसं लिहिलं जात नाही, म्हणून इथे भर त्या दिवसांवर आहे.

पार्श्वभूमी

गटाची भूमिका नैतिक मानवतावादाची. नीट वागण्यासाठी देवाचा किंवा परलोकाचा आधार लागत नाही, आणि देव मानणारा माणूस तेवढ्यावरून परका ठरत नाही, अशी. संघटित चळवळ म्हणून या विचाराची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये १८७६ साली फेलिक्स अ‍ॅडलर यांनी काढलेल्या संस्थेपासून धरतात. कोणाची श्रद्धा काय यावर वाद न घालता कृतीवर एकत्र यावं, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या चार वर्षांत त्या संस्थेने गरिबांच्या घरी जाणाऱ्या परिचारिका नेमल्या, मोफत बालवाडी काढली आणि कामगारांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. आपल्याकडे त्याच्याही आधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच डिसेंबरात पुरोहिताशिवाय लग्न लावून दाखवलं. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबरच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वि. म. तारकुंडे अशा मंडळींमुळे मानवतावाद मराठी वाचणाऱ्या घरांत पोचला. या गावातल्या गटाच्या भिंतीवर फुल्यांचा फोटो आहे. अ‍ॅडलर यांचं नाव निम्म्यांना माहीत नाही, आणि त्याने काही अडलेलं नाही.

गट १४ वर्षांचा. नोंदलेली ३२ कुटुंबं, प्रत्यक्ष येणारी २०च्या आसपास. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये किंवा कोणाच्या घरी बैठक असते. आधी एखादं वाचन, मग चर्चा, आणि शेवटची १५ मिनिटं ‘कोणाला काय हवंय’ यासाठी: कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या मुलीसाठी पुण्यात खोली बघायची आहे. ठरलं होतं असं. पण चर्चा लांबायची आणि ती १५ मिनिटं चहात जायची. पुरोहिताशिवाय सहा लग्नं आणि दोन नामकरणं गटाने नीट पार पाडली होती. सभासदाचा मृत्यू मात्र अजून एकही झाला नव्हता.

मृत्यू झाला तो गटाच्या संस्थापकांपैकी एकाचा. अनुदानित शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, वय ७४, हृदय कमकुवत, शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळलेले. त्यांना इथे ‘सर’ म्हणू. पत्नी ६८ वर्षांच्या, त्यांना ‘काकू’ म्हणू. मुलगी त्याच गावात बँकेत नोकरीला, मुलगा कॅनडात. थोरले भाऊ ८१ वर्षांचे, माळकरी, नऊ किलोमीटरवरच्या मूळ गावी राहणारे. मुलं त्यांना आबा म्हणतात. भावाभावांत मतभेद होते पण अबोला नव्हता. सर दरवर्षी आबांना वारीला सोडायला जायचे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात, कारण पुढचं बरंचसं त्यांतून झालं. सरांनी सहा वर्षांपूर्वी गटाच्या एका कार्यक्रमात देहदानाचा फॉर्म भरला होता. त्या दिवशी २२ जणांनी भरला आणि एकमेकांच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून सह्या केल्या. सरांच्या फॉर्मवर ना पत्नीची सही होती, ना मुलांची. आणि सरांच्या घरी जेव्हा जेव्हा बैठक झाली तेव्हा चहा काकूंनीच केला, दाराशी बसून सगळं ऐकलं, पण गटाच्या वहीत त्यांचं नाव कधीच नव्हतं.

पहिली रात्र

शनिवारी रात्री ९:५०ला सर घरीच गेले. फॅमिली डॉक्टर साडेदहाला आले. तेच उपचार करत होते, त्यामुळे मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र (घरी झालेल्या मृत्यूसाठीचा नमुना ४-अ) त्यांनी लगेच दिलं. हा कागद पहिल्या तासात हातात असणं फार मोलाचं. डॉक्टरांनी सही केली नाही तर पोलिसांना कळवावं लागतं, शवविच्छेदन होऊ शकतं आणि देहदान तिथेच संपतं.

नेत्रदान सुरळीत झालं. मुलीला काय करायचं ते ठाऊक होतं. तिने डोळे मिटवले, पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, पंखा बंद केला, डोक्याखाली दोन उशा दिल्या आणि नेत्रपेढीला फोन केला. डोळ्यांची बुबुळं साधारण सहा तासांच्या आत काढावी लागतात. पथक पावणेबाराला पोचलं. रक्ताचा नमुना घेऊन २० मिनिटांत काम झालं. चष्मा, मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी काही आड येत नाही. त्यासाठी आधी भरलेला फॉर्मही लागत नाही, वारसाची संमती पुरते. आबा साडेबाराला आले तेव्हा त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, “डोळे दिले ते बरं केलंत. मातीला किती वाजता न्यायचं?”

अडचण

माती व्हायची नव्हती. गटाच्या सचिवांनी फॉर्म काढून त्यावरच्या नंबरवर फोन लावायला सुरुवात केली. नंबर ४८ किलोमीटरवरच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा, लँडलाइन. शनिवारची मध्यरात्र, रिंग वाजत राहिली. तासभर सचिव तोच नंबर फिरवत होते. शेवटी मुलीने रुग्णालयाचा मुख्य नंबर शोधून अपघात विभागातल्या डॉक्टरांना गाठलं. त्यांच्याकडून शवागाराचा नंबर मिळाला, आणि पहाटे साडेसहाला विभागातल्या एका प्राध्यापकांचा उलट फोन आला.

त्यांनी तीन प्रश्न विचारले. मृत्यूचं कारण काय? शवविच्छेदन झालंय का? अंगावर कुठे जखम आहे का? मुलीने खरं ते सांगितलं: कमरेखाली बेडसोर आहे, तळहाताएवढा, खोल, दोन आठवडे ड्रेसिंग चालू होतं. प्राध्यापक म्हणाले, मग घेता येणार नाही. देह टिकवण्याचं रसायन रक्तवाहिनीतून आत सोडतात. जिथलं मांस सडलेलं आहे तिथे ते नीट पोचत नाही, देह बिघडतो आणि हाताळणाऱ्यांना संसर्गाचा धोका राहतो. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, क्षयरोग, गँगरीन, पोलीस केस, नुकतीच झालेली मोठी शस्त्रक्रिया, अशाही कारणांनी महाविद्यालयं नकार देतात.

मुलीने हे फोनवरच विचारून घेतलं म्हणून गाडी निघाली नाही. फॉर्म दाखवून देह न्यायचा आणि दारातून परत आणायचा, असंही घरांनी भोगलेलं आहे.

रविवारी सकाळी सात वाजता परिस्थिती अशी होती: सरांची लेखी इच्छा पुरी होणार नव्हती, तिला पर्याय कुठेच लिहिलेला नव्हता, अंगणात ४० माणसं होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की निर्णय दुसऱ्या कोणाचा आहे.

तासाभरात तोललेले पर्याय

दुसरं महाविद्यालय बघावं, ही पहिली सूचना. शरीररचना शिकायला आयुर्वेद महाविद्यालयांनाही देह लागतात आणि असं एक ३० किलोमीटरवर होतं. पण बेडसोरची अडचण तिथेही तीच. एका फोननंतर हा पर्याय संपला.

आबांचं म्हणणं सरळ होतं. कॉलेज नको म्हणतंय, म्हणजे आता रीतीप्रमाणे होऊ द्या, भटजींना बोलावू. गटातले दोघे-तिघे दुसऱ्या टोकाला: विधी नको म्हणजे काहीच नको, गॅसदाहिनीत नेऊ आणि परत येऊ. देहदान हा सरांचा मार्ग होता आणि मार्ग बंद झाला तरी हेतू बदलत नाही, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण सरांना कर्मकांड नको होतं एवढंच त्यांना माहीत होतं. त्या जागी काय हवं होतं, हे सरांनीही कधी सांगितलं नव्हतं.

याच वेळी गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने फुल्यांची आठवण काढली. जोतीरावांची इच्छा होती की आपला देह दहन न करता मिठात घालून पुरावा. नोव्हेंबर १८९० मध्ये ते गेले तेव्हा नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहनच करावं लागलं. तरी अंत्ययात्रेपुढे टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, घेऊन सावित्रीबाई चालल्या. इच्छा जशीच्या तशी पुरी झाली नाही, पण उरलेल्यांनी तिच्यातलं काय राखायचं ते ठरवलं. वाद थांबवायला हा दाखला उपयोगी पडला, कारण तो दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या माणसाचा होता.

मग मुलीने सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि आत जाऊन आईला विचारलं. रात्री नेत्रदान आणि देहदानासाठी काकूंना विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “त्यांनी सही केलीय ना, मग मी काय बोलणार?” गटाने ती संमती धरली. ती संमती नव्हती, हात टेकणं होतं. सकाळी मुलीने वेगळं विचारलं: “आई, बाबांचं राहू दे. तुला काय हवंय?” काकू म्हणाल्या, “मला त्यांच्या तोंडात पाणी घालायचंय. आबा म्हणतात तर चार अभंग होऊ देत. आणि माझ्या बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही.”

काय केलं

काकूंच्या तीन वाक्यांवर सगळं ठरलं. पाणी त्यांनी घातलं. भटजी नाही, पिंड नाही, मडकं फोडणं नाही. आबा आणि त्यांच्याबरोबर आलेले चार टाळकरी अंगणात अभंग म्हणाले. गटातले दोघे ‘हे भजन म्हणजे मागच्या दाराने आलेलं कर्मकांड’ म्हणत फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. नणंद बांगड्या फोडायला पुढे झाली तेव्हा मुलगी मध्ये उभी राहिली. तिच्या हाताशी एक चांगलं उदाहरण होतं: मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. “आत्या, हे आता सरकारनंही नको म्हटलंय,” एवढं वाक्य पुरलं. अशा क्षणी तत्त्वज्ञान सांगायला वेळ नसतो; नातलगाला माघार घ्यायला एखादं निमित्त द्यावं लागतं.

नगरपरिषदेच्या स्मशानभूमीत, साधारण ३०० किलो लाकडावर, मुलीने अग्नी दिला. ११ वाजता निघालेले लोक एकला परत आले. स्मशानाची पावती आणि नमुना ४-अ दोन्ही जपून ठेवले, कारण नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.

इथे एक पर्याय कोणाच्याच डोक्यात आला नाही. मुलगा कॅनडाहून निघाला होता आणि मंगळवारी पहाटे पोचणार होता. देहदानाला घाई लागते. शनिवारी रात्रीपासून सगळं घर त्या घाईत होतं. साडेसहाला देहदान रद्द झालं तेव्हा घाईचं कारणही संपलं होतं. तालुक्याच्या गावातही भाड्याने शीतपेटी मिळते, मृत्यू नैसर्गिक होता, दोन रात्री थांबता आलं असतं. कोणी नको म्हटलं नाही. कोणी विचारलंच नाही. मुलगा आला तेव्हा त्याच्या वाट्याला राख आली.

राखेचं मात्र समजुतीने झालं. एक लहान मडकं आबांनी आळंदीला इंद्रायणीत सोडायला नेलं. बाकीची सरांच्या शेताच्या बांधावर दोन फूट खोल खड्ड्यात, भरपूर माती मिसळून पुरली आणि तिथून थोडं बाजूला आंब्याचं रोप लावलं. राख खारट आणि अल्कली असते. रोपाच्या मुळाशी थेट घातली तर रोप जळतं, आणि मग त्याचा नको तो अर्थ काढणारे निघतात.

चौथ्या दिवसानंतरचं रिकामं घर

सोमवारी संध्याकाळी हॉलमध्ये आदरांजली सभा झाली. ११ वक्ते, अडीच तास. तिघांनी सरांपेक्षा अंधश्रद्धेवर जास्त बोलून घेतलं. आबा तिसऱ्या भाषणानंतर उठून गेले. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलायला सांगितलं नाही.

बुधवारपासून घरात काकू, मुलगा आणि भिंतीवरचा फोटो. मुलगी नोकरी आणि स्वतःचा संसार सांभाळून रात्री येत होती. शुक्रवारी शेजारच्या बाईंना कळलं की दोन दिवस घरात स्वयंपाक झालेला नाही. मुलगा बाहेरून काही आणून खात होता, काकू चहावर होत्या. त्याच दिवशी आबांच्या सुनेने डब्यातून भाकरी आणि पिठलं पाठवलं. गटातल्या कोणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सभा चांगली झाली, असं सगळे एकमेकांना सांगत होते.

असं का झालं? रीतीच्या घरात पहिल्या दिवशी नातलग कडू घास घेऊन येतात, कारण त्या घरी चूल पेटवायची नसते. तिसऱ्या दिवशी सावडायला माणसं जमतात. दहाव्याला भावकी, तेराव्याला गाव. मधले दिवस भेटायला येणाऱ्यांचे. सुतक म्हणजे त्या घरावरची कामं दहा-बारा दिवस उतरवणं. यातल्या पिंडाचा आणि कावळ्याचा अर्थ कोणाला पटो न पटो, प्रत्येक गोष्टीला तारीख आहे आणि प्रत्येक तारखेला कोणाचं तरी काम ठरलेलं आहे. गटाने विधी काढले तेव्हा त्यांच्याबरोबर या तारखाही गेल्या. गल्लीतली माणसं दुष्ट नव्हती. त्यांना वाटलं, ‘त्यांच्यात काही नसतं’, मग जायचं कधी आणि कशाला? नातलग दहाव्याची वाट बघत होते, आणि दहावा होणार नव्हता.

दुसरा निर्णय

शनिवारी, आठव्या दिवशी, मुलीने सचिवांना फोन करून सुनावलं. संध्याकाळी सात जण बसले. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. काकूंना पुढच्या बैठकीला आग्रहाने बोलवावं, ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निरुपयोगी. आबांच्या हाती सगळं देऊन रीतीचा दहावा-तेरावा होऊ द्यावा, ही दुसरी. त्याने माणसं जमली असती, पण सरांची इच्छा मोडली असती आणि काकूंनीही ते मागितलेलं नव्हतं. तिसरी वाट म्हणजे गटाने स्वतःच्या तारखा ठरवाव्या आणि त्या सगळ्यांना कळवाव्या. तिसरी घेतली.

एका वहीच्या पानावर महिनाभराचा तक्ता झाला. रोज दोन पाळ्या, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ. पाळीला दोन माणसं, त्यांतली एक काकूंच्या वयाची आणि ओळखीची बाई असलीच पाहिजे. पहिल्याच दिवशी दोन तरुण मुलगे गेले आणि काकूंनाच त्यांच्यासाठी पोहे करावे लागले; त्यावरून आणखी एक नियम आला, जाताना डबा न्यायचा आणि चहाही आपणच करायचा. मुलगा परत जाणार त्या रात्रीपासून दहा रात्री सोबतीला कोणीतरी झोपायला. विवेकवाद, श्राद्ध, आबा यांवर बोलायचं नाही. काकू बोलतील ते ऐकायचं, नाही बोलल्या तर भाजी निवडायची.

कागदपत्रांसाठी एकच माणूस नेमला, शाळेच्या कार्यालयात काम केलेला. मृत्यू दाखल्याच्या दहा प्रती काढल्या, तरी दोन कमी पडल्या. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दाखला, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश), काकूंचे फोटो आणि पासबुक घेऊन कोषागारात अर्ज केला. मृत्यूनंतर खात्यात जमा झालेलं निवृत्तिवेतन काढायचं नाही, ते परत वसूल होतं, हे वेळेवर सांगितलं. मग बँकेचं संयुक्त खातं, गॅस, वीजबिल, घरपट्टी. काकूंना एटीएम वापरता येत नव्हतं. त्यासाठी आठवड्यातली एक सकाळ.

दहाव्याचा प्रश्न आबांनीच सोडवला. सोमवारी ते मूळ गावच्या नदीवर गेले आणि पिंडदान करून आले. काकूंनी जाणार नाही म्हणून सांगितलं, आबांनी आग्रह केला नाही, गटाने निषेधाचं पत्रक काढलं नाही. तसं पत्रक काढावं अशी सूचना खरोखर आली होती. तेराव्या दिवशी घरीच जेवण ठेवलं, ६० माणसांचं, गटातल्या पुरुषांनी रांधलेलं: वरण-भात, वांग्याची भाजी, चपाती, शिरा. निरोप फोनवरून आणि घरोघरी जाऊन दिला, त्यात ‘कर्मकांड नाही, भेटायला या’ एवढंच. गल्ली आली, भावकी आली. आबा पंगतीत बसले. भाषण एकही नाही. काकू जेवण वाढायला उठल्या आणि त्यांना कोणी अडवलं नाही.

परिणाम

तक्ता महिनाभर चालला. तिसऱ्या आठवड्यात पाळ्या गळायला लागल्या, तेव्हा रोजच्या दोनाऐवजी एक केली. दाखला सोळाव्या दिवशी हातात आला. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला काही महिने लागले. तोवर मुलीने पैसे घातले. गटाकडे अशा वेळेसाठी निधी नव्हता, आता प्रत्येक कुटुंब महिन्याला १०० रुपये घालतं.

दोन कुटुंबं गट सोडून गेली. अभंग आणि आबांचं पिंडदान गटाने ‘चालवून घेतलं’ हा त्यांचा आक्षेप होता. मुलगा अजून विचारतो की दोन दिवस का थांबला नाहीत, आणि त्याला देण्याजोगं उत्तर कोणाकडे नाही.

काकू नंतर दोन बैठकांना आल्या, पुढे आल्या नाहीत. गुरुवारी त्या गल्लीतल्या भजनी मंडळात जातात. गटात काहींना हे अपयश वाटतं. तसं मानण्याचं कारण दिसत नाही. त्या गटाच्या सभासद कधीच नव्हत्या. १४ वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि दु:खाच्या महिन्यात केलेली मदत ही सभासदत्वाची वर्गणी नसते. गटातल्या दोघी आजही आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जातात, तक्त्याशिवाय.

वेगळं काय करता आलं असतं

फॉर्मपासून सुरुवात करावी लागते. देहदानाच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून मित्रांच्या सह्या घेणं हे घरच्यांना टाळण्यासारखं आहे. ऐनवेळी देह वारसांच्या ताब्यात असतो आणि त्यांनी नाही म्हटलं तर फॉर्म कपाटातच राहतो. सही पत्नीची किंवा पतीची आणि मुलांची हवी, आणि ती घ्यायला घरी बसून बोलावं लागतं. फॉर्मवरचा नंबर सहा महिन्यांनी एकदा, तोही सुट्टीच्या रात्री, लावून बघावा. बेडसोर झाला, पाय काढावा लागला, कावीळ निघाली, की त्याच आठवड्यात महाविद्यालयाला विचारून घ्यावं. सरांच्या बाबतीत हे दोन आठवडे आधी कळलं असतं आणि सर स्वतःच दुसरा पर्याय सांगू शकले असते. ते शेवटपर्यंत शुद्धीवर होते.

दुसरं, रात्रीच्या गडबडीत निर्णयाची प्रत्येक पायरी बदलली की आधीच्या गृहीतकांकडे पुन्हा बघणारा एक माणूस हवा. इथे नकार आल्यावर ‘आता घाई आहे का?’ हा एक प्रश्न विचारला गेला असता तर मुलाला वडिलांचं तोंड बघता आलं असतं. हे काम घरच्यांचं नाही, त्यांना त्या वेळी सुचत नाही. गटाने एकाला आधीच नेमून ठेवावं, आणि तो भाषण करणारा नसावा.

सभा दुसऱ्या दिवशी घेण्याची गरज नव्हती. महिन्याने घेतली असती तर मुलगा, काकू, विद्यार्थी सगळ्यांना तयारीला वेळ मिळाला असता. चार वक्ते, प्रत्येकी सात मिनिटं, आणि पहिला शब्द घरच्यांचा, हे आता गटाने ठरवलं आहे. पाळ्यांचा तक्ता मात्र पहिल्या संध्याकाळीच लागतो, कारण सात दिवस रिकामे गेले ते भरून येत नाहीत.

एका बाबतीत मतभेद कायम आहेत. आबांचे अभंग काकूंनी मागितले होते म्हणून झाले. पण समजा काकूंनी भटजी मागितले असते तर? गेलेल्याची इच्छा मोठी की राहिलेल्याची? गटातल्या बहुतेकांचं मत आज असं आहे की देहाचं काय करायचं हे गेलेल्याने सांगावं आणि घरात पुढे काय व्हावं हे राहिलेल्यांनी. ही वाटणी कागदावर बरी दिसते. अग्नी देताना म्हटलेला मंत्र कुठल्या बाजूला धरायचा, हे तिच्यातून ठरत नाही.

गटाने नवा फॉर्म केला आहे. त्यात चार रकाने आहेत: देहदान झालं तर, नाकारलं गेलं तर, परगावचं कोण आल्याशिवाय निघायचं नाही, आणि पहिला महिना घरात कोणी यावं. खाली जोडीदाराची सही. पूर्वीच्या २२ जणांपैकी सर गेले. उरलेल्या २१ जणांनी तो घरी नेला. १२ जणांचे सह्यांसह परत आले. नऊ घरांत जोडीदाराने सही करायला नकार दिला आहे, आणि त्या नऊ जणांना, एक अपवाद सोडला तर, हे फॉर्म घरी नेईपर्यंत माहीत नव्हतं.